भूर्जाची वाढ कोण अडवतं?

आजचं व्याख्यान म्हणजे थोडंसं प्रायश्चित्त आहे, तेव्हा आधी कबुली देतो.

मागच्या वेळी कार्यकारणभावावर बोलताना मी ओघात एक वाक्य बोलून गेलो. आपल्या नागपूरच्या उन्हाळ्याचा विषय निघाला होता. मी म्हणालो, "पृथ्वी तापली तर हाल आपले होतील. उत्तर ध्रुवाकडच्या लोकांचं काय, तिथली झाडं थंडीनं खुंटलेली असतात, ती उलट जोमानं वाढतील." सभागृहात हशा पिकला आणि मी पुढे गेलो. ते ध्वनिमुद्रण तुमच्यापर्यंत पोचल्यावर मला दोन पत्रं आली. पहिलं एका निवृत्त वनाधिकाऱ्यांचं. त्यांनी अगदी नम्रपणे लिहिलं होतं, "सर, कार्यकारणभाव शिकवणाऱ्यानं तरी एकाच कारणावर निकाल देऊ नये." दुसरं माझ्या पुतणीचं. ती नॉर्वेत, ट्रॉम्सो गावी राहते. तिनं नुसता एक फोटो पाठवला. काही वर्षांपूर्वी फिनलंडच्या सीमेकडे मोटारीनं जाताना काढलेला. डोंगरउतारावर बर्चचं जंगल, आणि सगळं जंगल तपकिरी, निष्पर्ण. फक्त दरीच्या अगदी तळाला एक हिरवी पट्टी. खाली लिहिलं होतं, "काका, हा जुलैचा फोटो आहे. ऑक्टोबरचा नाही."

त्या फोटोनं मला कामाला लावलं. मी वनस्पतिशास्त्राचा माणूस नाही, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण एखाद्या झाडाची वाढ कशानं होते आणि कशानं अडते, हा प्रश्न मुळात कारणाचाच प्रश्न आहे. तेव्हा आज झाडाच्या निमित्तानं कारणाकडे बघू. बर्च म्हणजे कोणतं झाड, तिथून सुरुवात करतो.

बर्च म्हणजे आपला भूर्ज. नुसतं भाषांतर म्हणून सांगत नाही, शब्दही एकच आहे. इंग्रजीतला बर्च, रशियन भाषेतला बेर्योझा आणि संस्कृतातला भूर्ज हे एकाच जुन्या मुळापासून फुटलेले शब्द आहेत. बर्चच्या अनेक जाती आहेत. हिमालयात आढळणारा तो भूर्ज किंवा भोज, ज्याच्या सालीला आपण भूर्जपत्र म्हणतो. नॉर्वे, स्वीडन, फिनलंडच्या उत्तर टोकाला जो वाढतो तो त्याचा चुलतभाऊ, तिकडे त्याला पहाडी बर्च म्हणतात. साल अशी की तिचे कागदासारखे पापुद्रे निघतात. त्या सालीत बेट्युलिन नावाचं द्रव्य असतं, त्यामुळे ती पांढरट दिसते आणि सहजासहजी कुजत नाही.

आता नागपूरकराचा भूर्जाशी संबंध काय, असं कोणी म्हणेल. आपल्या रामटेकलाच विचारा! रामटेक म्हणजे मेघदूतातला रामगिरी, हे मत आपल्या वा. वि. मिराशींनी हिरिरीनं मांडलं. त्या कालिदासाच्या काव्यात भूर्ज वारंवार येतो. विक्रमोर्वशीयात उर्वशी आपलं प्रेमपत्र लिहिते ते भूर्जपत्रावर, आणि कुमारसंभवाच्या पहिल्याच सर्गात हिमालयाचं वर्णन करताना विद्याधर स्त्रियांची पत्रं भूर्जाच्या सालीवर येतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात ऋग्वेदाची ३० हस्तलिखितं आहेत, २००७ साली युनेस्कोनं त्यांची जागतिक स्मृतिसंग्रहात नोंद केली. त्यातलं एक शारदा लिपीत आहे, भूर्जपत्रावर लिहिलेलं. काश्मीरकडची ही संपत्ती मुंबई इलाख्यात आली ती मुख्यतः गेओर्ग ब्यूलर या संस्कृत पंडिताच्या १८७५ सालच्या काश्मीर दौऱ्यामुळे. म्हणजे भूर्ज आपल्याकडे वाढत नसला तरी परका नाही. त्याच्या अंगावरचा कपडा आपल्या पोथीशाळेत आहे, एवढंच.

बरं, आता झाडाकडे.

झाड 'वाढतं' असं आपण म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. पहिली गोष्ट, पानं हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड आणि सूर्यप्रकाश घेऊन साखर तयार करतात. दुसरी, त्या साखरेपासून नवीन पेशी बनतात, म्हणजे लाकूड, मुळं, नवी पानं. घर बांधण्याचं उदाहरण घ्या. विटा येऊन पडणं वेगळं आणि गवंड्यानं भिंत उभी करणं वेगळं. विटा आल्या म्हणजे भिंत झाली असं आपण समजत नाही. पण झाडाच्या बाबतीत मात्र आपण, म्हणजे मीसुद्धा, असंच समजून चालतो.

जंगलाच्या उत्पादकतेचा हिशोब तिसराच. एका चौरस मीटर जमिनीवर वर्षभरात एकूण किती नवीन सजीव पदार्थ तयार झाला, कोरडं वजन किती, तो हा हिशोब. रॉबर्ट व्हिटेकर या अमेरिकन शास्त्रज्ञाचा १९७५ च्या सुमाराचा एक तक्ता आहे. जुना आहे, पण ढोबळ प्रमाण कळायला पुरेसा. विषुववृत्ताजवळचं वर्षावन वर्षाला दर चौरस मीटरला सरासरी २,२०० ग्रॅम. आपल्याकडच्यासारखं पानगळीचं मोसमी जंगल १,६००. सैबेरिया-कॅनडातलं सूचिपर्णी जंगल ८००. आणि टुंड्रा किंवा उंच पर्वताचा माथा, जिथं झाड उभंच राहत नाही, तिथं १४०. सूचिपर्णी जंगल संपतं आणि टुंड्रा सुरू होतं, त्या मधल्या पट्ट्यात पहाडी बर्च उभा आहे. नॉर्वे-स्वीडनमध्ये झाडांची शेवटची सरहद्द पाइन किंवा स्प्रूसची नाही, बर्चची आहे. त्याच्या पलीकडे मग खुरटी झुडपं, शेवाळ आणि दगड.

अशा ठिकाणी त्याची वाढ कोण अडवतं? "थंडी" हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धवट.

उत्तर स्वीडनमध्ये आबिस्को नावाचं ठिकाण आहे, ६८ अक्षांशावर. तिथं १९१३ पासून संशोधन केंद्र आहे आणि तेव्हापासूनच्या हवामानाच्या नोंदी आहेत. वर्षाचा पाऊस आणि बर्फ मिळून पाणी साधारण ३०० मिलिमीटर. आपल्या नागपूरला सुमारे १,१०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे आपल्या चौथाईच्या जवळपास पाण्यावर तिथं जंगल उभं आहे, आणि तहानलेलं नाही! कारण तिथं बाष्पीभवनच कमी. आपल्याकडे मे महिन्यात टाकीतलं पाणी कसं उडून जातं ते आठवा. प्रकाशाची तर उन्हाळ्यात कमतरताच नाही. ट्रॉम्सोला मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळत नाही. पुतणी सांगते, पहिल्या वर्षी खिडकीला काळा कापडी पडदा लावल्याशिवाय झोप येईना.

म्हणजे पाणी पुरेसं, प्रकाश चोवीस तास. तरी झाड माणसाच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट होऊन थांबतं. का? स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचे क्रिस्टियान कर्नर यांनी यावर फार उद्बोधक काम केलं आहे. त्यांनी जगभरच्या पर्वतांवर झाडांची शेवटची सरहद्द कुठं येते ते पाहिलं. आल्प्स घ्या, अँडीज घ्या, उत्तर ध्रुवाकडची सरहद्द घ्या, वाढीच्या हंगामातलं सरासरी तापमान ६ अंशांच्या आसपास आलं की झाडं संपतात. आता ६ अंशांना पानांचं काम बंद पडतं का? नाही. ५-६ अंशांनाही पानं बऱ्यापैकी साखर करत असतात. थांबतं ते दुसरं काम. पेशींचं विभाजन, लाकडाच्या भिंती बांधणं हे ५ अंशांच्या खाली जवळजवळ ठप्प होतं. विटांचा ढीग अंगणात पडलेला आहे, पण गवंडी शेकोटीपाशी बसून आहे. सरहद्दीवरच्या झाडांच्या अंगात साखर आणि पिष्ट कमी नसतं, चांगलं भरपूर सापडतं. म्हणजे ते झाड उपाशी नसतं. त्याच्याकडे आहे, पण ते वापरता येत नाही.

मला ही गोष्ट कळली तेव्हा मी अक्षरशः उठून दोन फेऱ्या मारल्या. कारण आपल्या सागाचं नेमकं उलट आहे. आलापल्लीच्या जंगलातला साग घ्या, गडचिरोली जिल्ह्यातला. एप्रिल-मेमध्ये उष्णता आहे, प्रकाश आहे, पेशी बांधायला तापमानाची काही अडचण नाही. पण पाणी नाही. पान ठेवलं तर त्यातून पाणी उडून जाईल, म्हणून साग पानंच टाकून देतो आणि नुसते खराटे घेऊन उभा राहतो. गवंडी तयार, पण विटांची गाडी आलेली नाही. मृग लागला, पाऊस आला, की मोठमोठी पानं बघता बघता येतात. सागाच्या बुंध्यात दर वर्षीचं वलय स्पष्ट उमटतं ते याच थांबण्या-चालू होण्यामुळे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दक्षिण भारतातल्या सागांची वलयं मोजून ५२३ वर्षांचा आलेख तयार केला, १४८१ ते २००३. २०१० साली तो प्रसिद्ध झाला. ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी वलय अरुंद. शिवाजी महाराजांच्या काळातला दुष्काळही लाकडात लिहिलेला सापडतो म्हणा ना.

उत्तरेकडच्या बर्चमध्ये वलयाची रुंदी ठरते ती मुख्यतः जून-जुलै किती उबदार होता यावर. तेव्हा माझं मागचं वाक्य निव्वळ मूर्खपणाचं नव्हतं. आबिस्कोचं वर्षाचं सरासरी तापमान विसाव्या शतकात बहुतेक काळ शून्याच्या खाली होतं, आता ते शून्याच्या वर सरकलं आहे. काही उतारांवर बर्च वर चढतानाही दिसतो आहे. मग चुकलं कुठं?

इथं मला जुनी पोथी उघडावी लागते. विश्वनाथाच्या न्यायसिद्धांतमुक्तावलीत, अगदी सुरुवातीलाच, पदार्थ किती या चर्चेत एक वाद येतो. अग्नी जाळतो हे सर्वांना मान्य. पण अग्नीजवळ चंद्रकांत मणी ठेवला तर तो जाळत नाही, असं जुने लोक मानत. (मणी खरा की खोटा हे सोडून द्या, उदाहरणामागचा विचार बघा.) अग्नी तोच, लाकूड तेच, तरी जळत नाही, हे कसं? मीमांसक म्हणाले, अग्नीत दाहशक्ती नावाची वेगळी वस्तू असते, मणी तिचा नाश करतो. नैयायिक म्हणाले, वेगळी शक्ती कशाला मानायची? मणी हा प्रतिबंधक आहे. कार्य व्हायला नुसता अग्नी पुरत नाही, सगळी सामग्री लागते, आणि त्या सामग्रीत 'प्रतिबंधक नसणं' हेही एक कारण म्हणून मोजायचं. अभावसुद्धा कारण असतो! वर्गात हे शिकवताना विद्यार्थी नेहमी हसत. "सर, नसलेली गोष्ट कारण कशी?" आता वाटतं, तेव्हा भूर्जाचं उदाहरण हाताशी असतं तर बरं झालं असतं.

शेतीच्या अभ्यासात लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावानं एक नियम सांगतात. लाकडी पिंपाच्या फळ्या कमी-जास्त उंचीच्या असतील, तर पाणी सगळ्यात बुटक्या फळीपर्यंतच राहतं. पिकाला नत्र कमी पडत असेल तर पालाश कितीही घाला, उत्पन्न वाढत नाही. आपल्या शेतकऱ्याला हे लीबिगच्या आधीपासून माहीत आहे. पण या पिंपाच्या चित्रात एक गैरसमज दडलेला आहे. बुटकी फळी उंच केली की पाणी चढलंच पाहिजे, असं वाटतं. ते किती चढेल? दुसऱ्या बुटक्या फळीपर्यंत. आणि ती दुसरी फळी कोणती, हे पहिली फळी बुटकी असेपर्यंत दिसतच नाही.

भूर्जाची दुसरी फळी म्हणजे नत्र. थंड मातीत गळलेली पानं कुजायला वर्षानुवर्षं लागतात, त्यामुळे नत्र अडकून राहतं. म्हणून बर्च शरदात पान टाकण्याआधी त्यातलं बरंचसं नत्र परत ओढून घेतो. ते सुंदर पिवळे डोंगर तुम्ही चित्रांत पाहिले असतील, ती खरं म्हणजे काटकसर आहे, घर सोडताना दिवेसुद्धा काढून नेण्यासारखी. हवा उबदार झाली तरी नत्राचा पुरवठा त्याच वेगानं वाढेल असं नाही.

हे मुख्यतः उत्तरेकडचं झालं. आपल्या हिमालयातल्या भूर्जाचा अनुभव याहून बोलका आहे. नेपाळमध्ये झाडांच्या सरहद्दीजवळ उभ्या असलेल्या भूर्जांची वलयं तपासली गेली, २०१४ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. एवढ्या उंचीवर, बर्फाच्या शेजारी, अपेक्षा अशी की ज्या वर्षी उबदार त्या वर्षी वाढ जास्त. निघालं उलटं. मार्च ते मे हे महिने जितके गरम, तितकं वलय अरुंद. त्या महिन्यांत पाऊस-बर्फ जितकं जास्त, तितकं वलय रुंद. फार कोरड्या वर्षी तर काही झाडांत वलय उमटलेलंच नाही, वर्ष गहाळ! म्हणजे हिमालयाच्या माथ्यावरचा भूर्ज थंडीनं कमी आणि पावसाळ्यापूर्वीच्या तहानेनं जास्त अडलेला होता. आपल्या सागाचाच भाऊ निघाला म्हणायचा. 'सरहद्दीवरचं झाड म्हणजे थंडीचा बळी' हे समीकरण तिथं लागू पडलं नाही. तापमान वाढलं तर त्या भूर्जाची वाढ कमी होण्याची शक्यता आहे, जास्त होण्याची नाही.

आता फोटोकडे येतो. मी मुद्दाम शेवटासाठी ठेवला नव्हता, पण यायला उशीर झाला खरा.

जुलैमध्ये जंगल तपकिरी का? पतंगाच्या अळ्यांनी पानं खाल्ली. उत्तरेकडच्या बर्चवर दोन पतंग मुख्य आहेत, त्यातल्या एकाला तिकडे शरदातला पतंग म्हणतात. तो शरदात बर्चच्या फांद्यांवर अंडी घालतो. अंडी सबंध हिवाळा फांदीवर उघडी राहतात आणि वसंतात बर्चची कळी फुटते त्याच सुमाराला अळ्या बाहेर पडतात, कोवळी पानं खायला. साधारण दर दहा वर्षांनी यांची संख्या भयंकर वाढते आणि डोंगरच्या डोंगर निष्पर्ण होतात. आबिस्कोला १९५४-५५ मध्ये असं झालं. फिनलंडच्या उत्सयोकीकडे १९६५-६६ मध्ये झालं, आणि तिथं हजार चौरस किलोमीटरहून अधिक जंगल मेलं. त्यातला बराच भाग अजून उघडाच आहे.

आपल्याला हे अपरिचित नाही. सागाची पानं पावसाळ्याच्या उत्तरार्धात जाळीसारखी झालेली चंद्रपूर-गडचिरोलीकडे जाताना रस्त्यावरून दिसतात. शिरा शिल्लक, मधलं हिरवं सगळं गायब. ते सागावरच्या अळीचं काम. आणि सागाची पानं सबंध खाणारी दुसरी अळी आहे, तिचा हिशोब केरळ वनसंशोधन संस्थेनं निलांबूरच्या सागाच्या लागवडीत मांडला होता. काही झाडं अळीपासून राखली, काही तशीच सोडली. सोडलेल्या झाडांत लाकडाची वाढ ४४ टक्क्यांनी कमी भरली. झाड मेलं नाही, वाळलं नाही, रस्त्यावरून जाणाऱ्याला काही कळलं नाही. पण जवळजवळ निम्मी वाढ अळीच्या पोटात गेली. उत्पादकता म्हणजे नुसतं किती पिकलं ते नव्हे, कोणी किती खाल्लं तेही.

पण फोटोत ती दरीच्या तळाची हिरवी पट्टी का? हिवाळ्यातल्या शांत रात्री जड थंड हवा उतारावरून ओघळत खाली येते आणि तळाला साचते. आपल्याकडेही डिसेंबरात नाल्याकाठी जास्त गारठा असतो, तोच प्रकार. पतंगाची अंडी थंडी सोसायला पक्की असतात, पण उणे ३५-३६ अंशांच्या खाली ती मरतात. दरीच्या तळाला तेवढी थंडी पडते, वरच्या उतारावर पडत नाही. म्हणून तळाची अंडी मेली, तिथली झाडं हिरवी राहिली. वरची झाडं तुलनेनं उबदार होती, ती खाल्ली गेली. तिकडच्या संशोधकांनी हा नमुना वारंवार पाहिलेला आहे.

म्हणजे बघा, जी थंडी झाडाची वाढ अडवते तीच थंडी झाडाला खाणाऱ्याला अडवते. हिवाळे सौम्य झाले की पहिला अडथळा सैल होतो आणि दुसराही. अंडी जास्त जगतात. शिवाय पूर्वी फक्त समुद्राकाठच्या ऊबदार पट्ट्यात राहणारा दुसरा पतंग, हिवाळी पतंग, आता आत आणि उत्तरेकडे सरकला आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात उत्तर नॉर्वे आणि आसपासच्या भागात हजारो चौरस किलोमीटर बर्च खाल्ला गेला.

नैयायिकांकडे यालाही शब्द आहे, आणि माझं प्रायश्चित्त इथं आहे, कारण तो शब्द मी चाळीसएक वर्षं शिकवला. उत्तेजक. चंद्रकांत मणी अग्नीला अडवतो, पण त्याच वेळी सूर्यकांत मणीही जवळ असला तर अग्नी पुन्हा जाळतो. प्रतिबंधकाला निष्प्रभ करणारा तो उत्तेजक. म्हणून नैयायिकांचं काटेकोर म्हणणं असं, की नुसता प्रतिबंधकाचा अभाव हे कारण नाही, उत्तेजक नसताना जो प्रतिबंधक असतो त्याचा अभाव हे कारण आहे. विद्यार्थी या वाक्याला फार घाबरत. परीक्षेत पाठ करून लिहीत. पण भूर्जाच्या बाबतीत थंडी एकाच वेळी दोन्ही आहे. पेशी-विभाजनाच्या संदर्भात प्रतिबंधक, आणि अळीच्या संदर्भात अळी नावाच्या प्रतिबंधकाला रोखणारी उत्तेजक. मी तिला फक्त पहिल्या भूमिकेत पाहिलं आणि ती गेली की कार्य होणारच असं सांगून मोकळा झालो.

एक छोटी गंमत जाता जाता. अशा खाल्लेल्या जंगलात मधूनच हिरवी बेटं दिसतात, दरीत नव्हे, कुठंही. ती जंगली मुंग्यांच्या वारुळाभोवतीची झाडं. मुंग्या अळ्या नेतात. उत्तेजकाचं हे दुसरं उदाहरण, सहा पायांचं.

निष्पर्ण झालेला बर्च लगेच मरतोच असं नाही. एखाद्या वर्षाचा मारा तो सोसतो, साठवलेल्या साखरेवर पुन्हा पानं काढतो. लागोपाठ दोन-तीन वर्षं झालं तर खोड मरतं. पण मुळाशी जीव असतो आणि बुडख्यातून फुटवे येतात, आपल्या सागाला किंवा पळसाला खुंटातून येतात तसे. पहाडी बर्चला एकाच बुडख्यातून अनेक खोडं असतात ती त्यामुळे. आबिस्कोचं जंगल १९५५ नंतर असंच हळूहळू परत उभं राहिलं. मग उत्सयोकीला का नाही? तिथं ते फुटवे रेनडिअरच्या तोंडी गेले. हे सांगायला मला आपल्या शेळ्यांचं उदाहरण देण्याचीसुद्धा गरज नाही. आइसलंडची कथा याहून जुनी. नवव्या शतकात, ८७४ च्या सुमारास, माणसं तिथं वसायला गेली तेव्हा त्या बेटाच्या चौथ्या हिश्श्यावर किंवा त्याहूनही जास्त जमिनीवर बर्च होता असा अंदाज आहे. जळण, कोळसा आणि मेंढ्या. विसाव्या शतकात उरला एक टक्क्याच्या आसपास. थंडी तिथं आधीही होती, तिनं झाडं मारली नव्हती.

आणि आपल्याकडे? गंगोत्रीच्या पुढे गोमुखच्या वाटेवर भोजबासा म्हणून मुक्काम आहे, सुमारे ३,८०० मीटर उंचीवर. नावातच भोज आहे, कारण तिथं भोजाचं वन होतं. यात्रेकरूंच्या चहासाठी आणि शेकोटीसाठी ते तोडलं गेलं. वलय मिलिमीटरच्याही अंशानं वाढणारं झाड, मनगटाएवढं व्हायला माणसाचं आयुष्य लागतं, आणि ते जळतं एका संध्याकाळी. गिर्यारोहक आणि अर्थशास्त्राच्या प्राध्यापिका हर्षवंती बिष्ट यांनी नव्वदच्या दशकात खाली चिरबासाला रोपवाटिका केली आणि भोजबासाला भूर्जाची रोपं लावायला सुरुवात केली. रोप लावून काम संपत नाही, जनावरांपासून राखावं लागतं, बर्फात मोडलं तर पुन्हा लावावं लागतं. प्रतिबंधकाचा अभाव ही वस्तू आपोआप असत नाही, कोणाला तरी ती रोज करत राहावी लागते. मला त्यांचं काम भावतं ते यासाठी.

आता प्रश्न घेतो. पहिली चिठ्ठी, "सर, नागपूरला अंगणात भूर्ज लावता येईल का?"

नाही. एक तर इथला मे महिना. पारा ४७ अंशांच्या वर गेल्याच्या नोंदी आहेत. दुसरं असं की थंड प्रदेशातल्या बहुतेक झाडांच्या कळीला फुटण्याआधी बराच काळ थंडी लागते, तिथं थंडी हीच कारणसामग्रीत बसते, आणि आपल्याकडचा जानेवारी त्याला पुरणार नाही. साग लावा.

दुसरी चिठ्ठी वनाधिकारी साहेबांचीच दिसते. ते आज सभागृहात आहेत, मागच्या रांगेत. ते विचारतात, "फोटोतल्या उतारावर पुढे काय झालं?" मी पुतणीला विचारलं होतं. तिनं मागच्या उन्हाळ्यात त्याच रस्त्यानं जाताना पुन्हा गाडी थांबवली. खोडं वाळून राखाडी झाली आहेत म्हणाली, आणि बुडख्याशी गुडघ्याएवढे फुटवे आहेत. काहींचे शेंडे खुडलेले. रेनडिअरनं खाल्ले की सशानं, ते तिला ओळखता आलं नाही.